सांगलीतल्या सीनियर वकीलसाहेबांना खुलं पत्र: आमच्या पगाराला पण एक तारीख लावा की

सांगली जिल्ह्यातल्या समस्त सीनियर वकीलसाहेबांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहीत नाही. उद्या अकरा वाजता तुमच्यातल्याच कुणाच्या तरी विरोधात उभं राहून "साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, मॅटर जरा मागं ठेवावं ही विनंती" असं मला म्हणायचंय आणि तुम्ही त्याला हरकत घेऊ नये अशीही इच्छा आहे. एवढं सांगते की विजयनगरच्या कोर्टात प्रॅक्टिस करते, छोट्या ऑफिसात आहे, बाई आहे आणि ज्युनिअर आहे. हे पत्र आमच्या साहेबांवर नाही, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांपेक्षा बरे आहेत, म्हणून तर एवढं शांतपणे लिहिता येतंय.

विषय जुनाच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेनं, परिपत्रक काढलं की ज्युनिअरला शहरी भागात महिन्याला किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार स्टायपेंड द्यावा, निदान पहिली तीन वर्षं तरी. ते लगेच सगळ्या ग्रुपवर फिरलं आणि बाररूममध्ये चर्चा काय सुरू झाली तर सांगली-मिरज-कुपवाडला महापालिका आहे म्हणजे आपण शहरी धरायचं का ग्रामीण. लई रंगली चर्चा. निकाल काही लागला नाही, कारण वीस पण कुणी देत नव्हतं आणि पंधरा पण. परिपत्रक सक्तीचं नाही, शिफारस आहे, आणि छोट्या गावातल्या सीनियरला एवढं झेपेलच असं नाही हेही त्यातच कबूल केलंय. बाकीचं परिपत्रक कुणाला आठवत नाही पण तेवढी ओळ सगळ्यांना पाठ आहे!

तर साहेब, मी वीस मागत नाहीये आणि पंधरा पण मागत नाहीये. आकडा काय असेल तो तुमची प्रॅक्टिस बघून तुम्ही ठरवा, पण तो ठरलेला असू दे आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला हातात येऊ दे. ज्युनिअरच्या, क्लार्कच्या आणि टायपिस्टच्या सुद्धा. एवढंच मागणं आहे, बाकी सगळं पत्र म्हणजे ते का मागतोय याची कैफियत समजा.

आत्ता कसं चालतं ते तुम्हाला माहितीये पण बाहेरच्या लोकांना माहिती नसतं. लोकांना वाटतं वकिलाचं ऑफिस म्हणजे पैसाच पैसा. प्रत्यक्षात दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत बाकडं, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर जो स्टेच्या म्हणजे तातडीच्या स्थगिती अर्जाच्या दिवशी हमखास पेपर अडकवतो, छतापर्यंत फायलींची कपाटं, आणि आत साहेब. माणसं किती, तर साहेब, एखाद-दुसरा ज्युनिअर, क्लार्क आणि टायपिस्ट. पगार म्हणून कुठं काही लिहिलेलं नसतं. एखाद्या पक्षकारानं फी दिली की साहेब पाकिटातनं काढून "हे ठेव पेट्रोलला" म्हणतात. किती, ते त्या दिवशीच्या मूडवर. दिवाळीला पाकीट आणि मिठाईचा बॉक्स. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी, म्हणजे मे महिना कोरडा. घरमालक मात्र मे महिन्याचं पण भाडं घेतो.

आणि मागायचं कसं हाही प्रश्नच. जो माणूस तुम्हाला उलटतपास कसा घ्यायचा शिकवतोय त्याच्यासमोर "साहेब, या महिन्याचं..." हे वाक्य तोंडातनं बाहेर पडत नाही हो. पुकारा झाला की न्यायाधीशांसमोर बोलता येतं, केबिनमध्ये येत नाही. मग वर्षभरानं पोरगं गुपचूप कुठल्या तरी बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटला निघून जातं आणि आपण म्हणतो आजकालच्या पोरांना पेशन्सच नाही.

आता क्लार्कचं सांगते, कारण त्यांच्याबद्दल कुणीच लिहीत नाही, आणि बार कौन्सिलचं परिपत्रक सुद्धा फक्त ज्युनिअर वकिलाबद्दल आहे. आमच्या ऑफिसातले क्लार्ककाका सकाळी सगळ्यात आधी पेपर उघडतात ते निधनवार्तांच्या पानावर. मला आधी वाटायचं वय झालं की माणसाला ही सवय लागत असेल. तसं नाही. वाटपाच्या दाव्यात पंधरा-वीस प्रतिवादी असतात, हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर आणि नंतर सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये विनीता शर्मा केसमध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा जन्मतःच हक्क आहे हे पक्कं केल्यानंतर तर बहिणी, आत्या, त्यांची पोरं सगळेच पार्टी असतात, कोण जतला, कोण आटपाडीला, कोण पार ठाण्याला. त्यातलं कुणी वारलं तर वारस रेकॉर्डवर आणायला ९० दिवस, नाहीतर त्याच्यापुरता दावा अबेट, म्हणजे आपोआप संपला. पक्षकार स्वतः येऊन सांगत नाही की आमची आत्या गेली, त्याला वाटतं आत्याचा आणि कोर्टाचा काय संबंध. काका पेपर बघून मला म्हणतात, "मॅडम, त्या तासगावच्या दाव्यातली सात नंबर गेली बघा." आणि डायरीत लिहून टाकतात. हे कुठल्या लॉ कॉलेजात शिकवतात?

निकाल लागला की ज्या दिवशी लागला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाकायचा हा त्यांचा नियम. कारण जिल्हा कोर्टात अपिलाला ३० दिवस असले तरी नक्कल मिळायला जे दिवस लागतात ते त्यातनं वजा होतात, पण अर्जच उशिरा टाकला तर मधले दिवस गेले ते गेले. हे लिमिटेशन ॲक्टचं, म्हणजे मुदतीच्या कायद्याचं, कलम १२ आहे. त्यांनी ते कलम वाचलेलं नाही, वाचायची गरजही नाही. चेक बाऊन्सचं तसंच. आपल्याकडं द्राक्षाच्या सीझनमध्ये बाहेरचा व्यापारी येतो, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख देतो, मग चेक देतो आणि मग गायब होतो, ही गोष्ट तासगाव-कवठेमहांकाळ भागात कुणाला सांगायला नको. शेतकरी चेक घेऊन आला की काका आधी चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मागतात, त्यावरची तारीख बघतात आणि बोटांवर मोजतात, मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून १५ दिवस त्याला, आणि तिथून पुढं एक महिन्यात फिर्याद. मी मोबाईलमध्ये कॅलेंडर उघडेपर्यंत त्यांची मोजणी झालेली असते. एक दिवस जरी चुकला तरी त्या शेतकऱ्याची केस आधी उशीरमाफीच्या अर्जात अडकते, आणि तुमचं नाव खराब होतं ते वेगळंच.

याच काकांना महिन्याला काय मिळतं हे मी इथं लिहिणार नाही, त्यांना आवडायचं नाही. पण "क्लार्कला पक्षकार देतातच की" हे जे तुम्ही सगळे म्हणता ना, त्यावर जरा बोलायचंय. हो, देतात. नकलेला गेला की शंभर, बेलीफाबरोबर समन्स घेऊन गेला की गाडीभाडं आणि वर चहापाणी. म्हणजे काय झालं, ऑफिस चालवायचा खर्च तुम्ही पक्षकाराच्या खिशाला लावून दिला, तोही पावतीशिवाय. पक्षकाराला कळतच नाही की यातली कोर्ट फी किती, भत्ता किती आणि चहापाणी किती. तो गावात जाऊन सांगतो कोर्टात पावलोपावली पैसे मोजायला लागतात. क्लार्क बदनाम, कोर्ट बदनाम. जो माणूस पंचवीस-तीस वर्षं तुमच्या किल्ल्या सांभाळतोय, ज्याच्याकडं लोकांची मूळ खरेदीखतं असतात, त्याला प्रत्येक कामाला हात पुढं करायला लावणं हे मला तरी बरं दिसत नाही. तुम्ही पगार द्या आणि मग खुशाल बोर्ड लावा की क्लार्कला वेगळे पैसे देऊ नयेत. पक्षकार खूष होईल, बघा.

मूळ कागदांवरनं आठवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा मी कॉलेजात होते. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४५ ची. गावभागात, हरभट रोडला, मारुती रोडला ज्यांची ऑफिसं होती त्यांच्या तळमजल्यावरच्या फायलींचं काय झालं असेल ते विचारू नका. आमच्या ऑफिसातल्या बऱ्याच फायली वाचल्या, कारण काकांनी पाणी चढायच्या आधी त्या पोत्यात भरून वरच्या मजल्यावर नेल्या. त्यांच्या स्वतःच्या घरातलं सामान मात्र तसंच राहिलं, फ्रिज, गाद्या, पोरीची पुस्तकं, सगळं. हे मला काकांनी कधी सांगितलं नाही, एका म्हाताऱ्या पक्षकारानं सांगितलं, ज्याचं १९६० च्या दशकातलं गहाणखत त्या पोत्यात होतं. तुमच्यापैकी किती जणांच्या ऑफिसात असंच झालं असेल. पूर ओसरल्यावर फायली वाळवायला, पानापानात कागद घालून दोरीवर टाकायला कोण होतं आठवून बघा.

टायपिस्टचं काम आता टायपिंगचं राहिलंच नाही. आधी दावा मराठीत टाइप करून द्यायचा, पानाला इतके रुपये, संपलं. आता ई-फायलिंग. म्हणजे स्कॅन करा, पीडीएफ करा, साइजमध्ये बसवा, पानांना नंबर घाला, अपलोड करा, साइट बंद पडली की रात्री परत करा, ऑब्जेक्शन निघालं की परत पहिल्यापासून. वरनं जुन्या फायली एका फॉन्टमध्ये, नवीन युनिकोडमध्ये, एकातनं दुसऱ्यात कॉपी केलं की काना-मात्रा सगळं इकडचं तिकडं. आमच्या टायपिस्टताईंना मी वादी आणि वाडी एक झालेलं वाक्य न वाचता नुसत्या नजरेनं पकडताना बघितलंय. रेट मात्र अजून पानावरच. स्कॅन केलेल्या पानाचा रेट नाही कारण ते "टाइप कुठं केलंय". काही ऑफिसात तर त्याच बाईंनी पाणी भरायचं, चहा पण ठेवायचा आणि साहेबांच्या मुलाचा ॲडमिशन फॉर्म पण भरायचा. सांगायला बरं वाटत नाही पण हे आहे.

आता आम्ही. ज्युनिअर. १ जुलै २०२४ ला तीन नवीन फौजदारी कायदे लागू झाले तेव्हा सगळ्या ऑफिसांत कलमांचे तक्ते कुणी बनवले? ४२० चं ३१८ झालं, ३०२ चं १०३ झालं, ४९८-अ गेलं ८५ वर, आणि गंमत म्हणजे ४८२ म्हटलं की आधी हायकोर्टातलं क्वॅशिंग, म्हणजे गुन्हा रद्द करून घेणं, आठवायचं, आता बीएनएसएसचं म्हणजे नवीन फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. तुम्ही कोर्टात जुनं कलम बोलायचा आणि आम्ही मागनं हळूच नवीन सांगायचो. सांगायला काही नाही, ते आमचं कामच आहे, शिकायला पण मिळालं. पण ते काम होतं.

मग १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. इतक्या वर्षांच्या आंदोलनाचं फळ, सहा जिल्ह्यांचा आनंद, पेढे आम्ही पण वाटले. आधी हायकोर्टाचं काही असलं की फाइल मुंबईच्या वकिलाकडं जायची, पक्षकार महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जाऊन यायचा, आणि साहेब इथंच असायचे. आता साहेब सकाळी गाडी काढतात आणि कोल्हापूरला जातात. फार चांगलं झालं, तुमची प्रॅक्टिस वाढली. पण इथला बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेस, कोण बघतंय? दिवाणी कनिष्ठ स्तरला निशाणी ५ वर म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर युक्तिवाद, वरिष्ठ स्तरला साक्षीदार उभा, जेएमएफसीकडं म्हणजे फौजदारी न्यायदंडाधिकाऱ्यांकडं आरोपी हजर करायचा, आणि सगळ्यांचा पुकारा एकदम. आधी आमचं काम पुरसीस म्हणजे छोटं लेखी निवेदन देणं आणि तारीख घेणं एवढं होतं, आता आपल्या साक्षीदाराची पूर्ण सरतपासणी आम्ही घेतोय. पक्षकार फी कुणाला देतो? साहेबांच्या नावाला देतो, बरोबरच आहे, तो साहेबांसाठीच आलेला असतो. पण काम दुप्पट झाल्यावर "पेट्रोलला ठेव" हे दुप्पट झालं का, तर नाही, कारण मुळात ठरलेलं काही नव्हतंच, मग दुप्पट कशाचं करणार.

बाहेर दुसरी नोकरी धरावी तर बार कौन्सिलचा नियम ४९ आडवा येतो, पूर्णवेळ पगारी नोकरी करत प्रॅक्टिस करता येत नाही. नियम योग्य आहे, माझी तक्रार नाही. पण मग ज्यानं पोटाचं दुसरं साधन कायद्यानं सोडलंय त्याचं पोट कसं चालावं? उत्तर सगळ्यांना माहिती आहे, बापाच्या पैशावर. ज्याचा बाप वकील आहे किंवा ज्याच्या घरी बागायत आहे तो टिकतो. जतमधल्या कोरडवाहू घरातनं आलेलं पोरगं, ऊसतोड कामगाराची पोरगी, हे दोन-तीन वर्षांत गळतात. सुप्रीम कोर्टानं ३० जुलै २०२४ ला सांगितलं की नावनोंदणीला कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षा जास्त घेऊ नका, गरीब पोरांना दार उघडं राहावं म्हणून. दार उघडलं, पण आतल्या खोलीत खायला काही नसेल तर आत येऊन करायचं काय.

पोरींचं अजून एक. "लग्न झालं की सोडणारच आहे" हे मी स्वतः ऐकलंय, माझ्या तोंडावर. म्हणून तिला मॅटर द्यायचं नाही, पैसे तर नाहीच. अरे मग सोडणारच की ती! सासरच्यांना काय सांगणार, रोज काळा कोट घालून जाते पण मिळत काही नाही? माझी एक मैत्रीण, माझ्यापेक्षा ड्राफ्टिंग चांगलं होतं तिचं, आता घरी आहे. तिला कुणी काढलं नाही, तिनं सोडलं पण नाही, नुसतं हळूहळू जाणं बंद झालं.

आणि आता नवीन भानगड झालीये ती सर्टिफिकेटची. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं तर तीन वर्षं प्रॅक्टिस पाहिजे, आणि तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा, नाहीतर त्यांनी सही केलेला दहा वर्षं तरी प्रॅक्टिस झालेल्या वकिलाचा तसा दाखला पाहिजे. निर्णय मला स्वतःला पटतो, कोर्ट न बघितलेला न्यायाधीश नको. पण त्याचा परिणाम ऑफिसात काय होणार ते बघा. पोरगं येतं, तीन वर्षं राबतं, आणि दाखला तुमच्या हातात. तो काय पैसे मागणार तुम्हाला! तुमच्यातले काही जण आत्ताच बोलायला लागलेत, "पैसे कशाला, सर्टिफिकेट देतोय की." साहेब, दाखला हा तो खरंच कोर्टात उभा राहिला याचा पुरावा आहे, तो मोबदल्यात द्यायची वस्तू नाही. हे तुम्हाला मी सांगावं असं नाही, पण कुणीतरी सांगायला पाहिजे.

सगळ्यात जास्त राग मला कधी येतो सांगू का? कारखान्याला नोटीस काढताना. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची, नाही दिली तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज, १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश. ही नोटीस आपल्या जिल्ह्यातल्या निम्म्या ऑफिसांनी कधी ना कधी काढली असेल. काय भाषा असते त्यात, "आमचे अशिलाच्या घामाचे दाम आपण बेकायदेशीररीत्या अडकवून ठेवले आहेत." ती ज्युनिअर लिहितो, टायपिस्ट टाइप करते, क्लार्क पोस्टात नेऊन टाकतो. तिघांनाही दोन महिने काही मिळालेलं नसतं. एकदा मी आणि टायपिस्टताई त्या वाक्यावर एकमेकींकडं बघून इतक्या हसलो की आतनं साहेबांनी विचारलं काय झालं.

कायद्याकडं जावं म्हटलं तर कायदा पण आमच्या बाजूला फारसा नाही, आणि हे तुमच्याच पुस्तकांत वाचलंय. १९६२ साली मुंबईतल्या सॉलिसिटर फर्मच्या नोकरांचा बोनसचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि कोर्ट म्हणालं सॉलिसिटरचं ऑफिस हा उद्योगच नाही. १९७८ ला सात न्यायमूर्तींच्या खंडपीठानं उद्योगाची व्याख्या रुंद केली, त्यात व्यवसाय पण घेतले, पण अगदी छोट्या, एखाद-दुसरा माणूस ठेवणाऱ्या ऑफिसांना वगळायची वाट ठेवली. केरळातल्या एका वकील फर्मच्या क्लार्कला कामावरनं काढलं, तो दुकान-आस्थापना कायदा घेऊन सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, तिथंही १९८४ ला उत्तर मिळालं की वकिलाचं ऑफिस ही व्यापारी आस्थापना नाही. कायद्याचं असेल बरोबर, मी कोण बोलणार. पण अख्ख्या जिल्ह्यातल्या कामगारांचे दावे जिथनं लढवले जातात त्या ऑफिसातला माणूस स्वतः कुठंच बसत नाही, हे बघून कधीकधी गंमत वाटते.

त्याच केरळनं पुढं २००३ ला वकिलांच्या क्लार्कसाठी वेगळा वेल्फेअर फंडाचा कायदा केला. आंध्रात त्याच्याही आधीपासून आहे. आपल्याकडं १९८१ चा महाराष्ट्राचा ॲडव्होकेट्स वेल्फेअर फंडाचा कायदा आहे, त्याचं तिकीट वकीलपत्रावर लावायला लागतं. ते तिकीट आणतो कोण आणि चिकटवतो कोण, तर क्लार्क. फंड वकिलांचा.

तुमची बाजू मला माहिती नाही असं नाही. पक्षकार "ऊसबिल आलं की देतो" म्हणतो आणि बिल आलं की फोन उचलत नाही. हळदीचा भाव पडला की फी पण पडते. दावा दहा-बारा वर्षं चालतो आणि फी ठरलेली असते पहिल्या वर्षाची. नवीन वकील इतके झालेत की कुणीतरी निम्म्यात करून देतोच. लायब्ररी, ऑनलाइन सॉफ्टवेअर, भाडं, सगळं तुमच्यावर. आणि तुमचं ते ठरलेलं वाक्य, "आम्हाला कुणी दिलं होतं? आम्ही सीनियरची बॅग उचलून शिकलो." खरंय. पण तुम्ही शिकलात तेव्हा खोलीचं भाडं काय होतं आणि पेट्रोल काय भाव होतं ते पण सांगा की. आणि तुमच्याबरोबर बॅग उचलणारे बाकीचे, जे मधेच गेले, त्यांना कधी विचारलंय का ते का गेले? शिकवलंत त्याचे उपकार आहेतच, खोटं नाही बोलत. आमच्या साहेबांनी मला एका साक्षीदाराला काय विचारायचं नाही हे जे शिकवलंय ते मी जन्मभर विसरणार नाही. पण शिकवण्याचे उपकार आणि कामाचे पैसे हे दोन हिशोब वेगळे ठेवले तर दोघांनाही बरं पडेल.

म्हणून सरळ बोलते. ज्याची प्रॅक्टिस मोठी आहे त्यानं परिपत्रकाच्या आकड्याच्या जवळ जावं. ज्याची नाही त्यानं आठ हजार द्यावेत, सहा द्यावेत, पण पाच तारखेच्या आत, बँकेत, मे महिन्यात सुद्धा. ज्युनिअरनं एकट्यानं अख्खी साक्ष घेतली किंवा युक्तिवाद केला तर त्या मॅटरच्या फीमधला थोडा वाटा, आधी बोलून ठेवलेला. क्लार्कला महिन्याचा पगार आणि आठवड्याची एक सुट्टी, रविवारी पक्षकार येतात म्हणून त्यांना बोलवायचं असेल तर दुसऱ्या दिवशी सुट्टी. टायपिस्टला पानाचा रेट बंद, त्याऐवजी महिन्याचा पगार. आणि एक अगदी बारीक गोष्ट, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे, अपघाती मृत्यूला दोन लाख, सत्तर वर्षांपर्यंत चालतं. जीवन ज्योती या आयुर्विमा योजनेचा ४३६, पण त्यात पन्नाशीच्या आत शिरावं लागतं, त्यामुळं आमच्या काकांसारख्यांचं ते आता हुकलं. टायपिस्टताईंचं अजून होईल. दोन्ही मिळून ४५६ रुपये, बाररूममधल्या एका पार्टीत यापेक्षा जास्तीची लिंबूपाणी होतात. क्लार्कमंडळी दिवसभर टू-व्हीलरवर कोर्ट, तहसील, भूमी अभिलेख, पोस्ट असे फिरतात, विजयनगरपासून गावात रोज किती चकरा, हेल्मेट तर नसतंच. निदान एवढा फॉर्म तरी भरून घ्या त्यांचा.

हे एकट्या-दुकट्यानं होणार नाही हे पण कळतंय. एकानं पगार सुरू केला आणि बाकीच्यांनी नाही तर त्याला लोक वेड्यात काढतील. म्हणून तुम्हा सगळ्यांना एकदमच लिहिलं. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी बाररूममध्ये एक मीटिंग लावा, अजेंड्यावर हा एकच विषय घ्या, आणि क्लार्क-टायपिस्ट मंडळींना पण आत बसायला खुर्च्या द्या, दारात उभं करू नका. शहरी का ग्रामीण यावर मात्र परत चर्चा नको. नोटीस टाइप करायची असेल तर आम्ही करून देतोच आहे, नेहमीसारखी.

आपली नम्र,
एक ज्युनिअर वकील, सांगली

ता. क. पत्र वाचून कुठल्या ऑफिसातलं आहे हे शोधायला लागू नका. प्रत्येकाला आपल्याच ऑफिसातलं वाटेल आणि उगाच कुणातरी गरिबाचं पेट्रोल बंद होईल.